माझ्या पावलातला निटिनॉल

तळपायाच्या मधोमध, जिथे एरवी कधी थेट मार लागत नाही, तिथे निळं-काळं झालं असेल आणि त्या पायावर उभं राहवत नसेल, तर पाय नुसता मुरगळलाय असं समजू नका. मला हे सगळ्यात आधी सांगायचं आहे. माझ्या उजव्या पावलाच्या मधल्या भागातल्या, लिस्फ्रँक नावाच्या सांध्याचं ऑपरेशन झालं आणि त्यात निटिनॉलचे, म्हणजे आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूचे स्टेपल बसवले. ऑपरेशनच्या आधी मराठीत यावर वाचायला मला काही मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूर भागातल्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. वर्कशॉपच्या कोब्यावर दिवसभर उभं राहण्याचं काम. ऊसतोडणीचा हंगाम होता, ट्रॉल्यांमधून पडलेला पाला रस्त्यावर चिरडून चिकट झालेला, त्यावर पहाटेचं दव. वळणावर मोटारसायकल घसरली. ब्रेकवरचं पाऊल निसटलं, बोटं जमिनीला टेकलेली आणि टाच वर अशा अवस्थेत अडकलं आणि वरून गाडीचा सगळा भार आला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ही दुखापत नेमकी अशीच होते. पाऊल बोटांवर उभं असताना वरून दाब आला की मधला भाग वरच्या बाजूला उचकटतो. पूर्वी रिकिबीत पाय अडकून घोड्यावरून पडणाऱ्यांना ती व्हायची, आता मोटारसायकलवाल्यांना, जिना चुकणाऱ्यांना आणि खेळाडूंना होते.

जवळच्या एका दवाखान्यात टेबलावर झोपवून एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) ताणलंय, क्रेप बँडेज बांधा आणि आठवडाभर आराम करा, असं सांगून घरी पाठवलं. अशा दुखापतींपैकी साधारण पाचातली एक पहिल्या तपासणीत निसटते, असं अस्थिरोगाच्या पुस्तकांतच दिलेलं असतं. झोपून काढलेल्या एक्स-रेत पावलावर भारच नसतो, त्यामुळे सैल झालेली हाडंही जागच्या जागी दिसू शकतात.

घरी पाय सुजत गेला. आत्या म्हणाली, "हाडवैद्याकडं ने बाबा, शीर बसवून देतो तो." मेहुणा गाडी काढायलाही तयार झाला. बँडेज बदलताना बायकोने पाय उचलून धरला आणि म्हणाली, "अहो, तळव्याला काय झालंय बघा. मार तर वरून लागला होता ना?" तळव्याच्या खोलगट भागात रुपयाएवढा जांभळा डाग होता. आम्ही हाडवैद्याचा बेत रद्द करून अस्थिरोगतज्ज्ञ गाठले. त्या अवस्थेत पाऊल ओढून चोळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो. आत्यावर माझा राग नाही, तिने मायेनेच सांगितलं. पण पावलाच्या मधल्या भागाला मार असेल तर चोळणं नको म्हणजे नको.

डॉक्टरांनी आधी तळवा बघितला, मग एका हाताने टाच धरून दुसऱ्या हाताने पुढचं पाऊल हलकेच पिळलं. माझ्या तोंडून आवाज निघाला तसे ते थांबले. म्हणाले, "सर, उभं राहून एक्स-रे काढायचाय. दुखेल, पण त्याशिवाय कळणार नाही. आणि दोन्ही पायांचा काढायचा, म्हणजे चांगल्या पायाशी ताडून बघता येतं." एका बाजूने टेक्निशियनने आणि दुसऱ्या बाजूने बायकोने धरलं तेव्हा कसाबसा क्षणभर भार देता आला. फिल्ममध्ये उजव्या पायाच्या अंगठ्यामागचं लांब हाड आणि दुसऱ्या बोटामागचं हाड यांच्यात फट स्पष्ट दिसत होती. डाव्या पायात ती नव्हती. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट म्हणजे सांधा उघडलाय, असं मानतात. त्या फटीत हाडाचा एक बारीक कपचाही होता. लिगामेंटने तुटताना सोबत ओढून नेलेला हाडाचा तुकडा तो. नंतर सीटी स्कॅन झाला, त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मेटाटार्सलच्या, म्हणजे बोटामागच्या लांब हाडाच्या, बुडाशी फ्रॅक्चर दिसलं.

या सांध्याची रचना मला समजली ती डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या पावलावरून. पाच बोटांमागे पाच लांब हाडं, ती मेटाटार्सल. त्यांच्या मागे तीन पाचरीसारखी हाडं आणि बाहेरच्या बाजूला एक चौकोनी. दोन्ही रांगा जिथे भिडतात तो लिस्फ्रँकचा सांधा. दुसऱ्या मेटाटार्सलचं बूड बाकीच्यांपेक्षा मागे सरकून पाचरींच्या मधल्या खाचेत बसलेलं असतं. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं मेल-फीमेल फिटिंगचा जॉब घासतात, तसाच तो खाचेत बसणारा जोड आहे. आतल्या पाचरीपासून दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडापर्यंत एक जाड तिरका लिगामेंट जातो, तोच लिस्फ्रँकचा. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडांना थेट जोडणारा लिगामेंट निसर्गाने दिलेलाच नाही. सगळी भिस्त त्या एका तिरक्या लिगामेंटवर, आणि माझा तोच गेला होता.

ज्यांचं नाव या सांध्याला आहे ते जाक लिस्फ्रँक नेपोलियनच्या काळातले फ्रेंच सर्जन. १८१५ साली त्यांनी याच सांध्यातून पुढचं पाऊल काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. भूल नसलेल्या काळात हाड न कापता सांध्यातून झटकन पाऊल वेगळं करता येणं ही मोठी गोष्ट होती. दोनशे वर्षांत आपण तिथून कुठे आलो, हे मला ऑपरेशनच्या टेबलावर आठवत होतं.

लगेच ऑपरेशन झालं नाही. पाय इतका सुजला होता की कातडी ताणून चकाकत होती. अशा कातडीवर चिरा दिला तर जखम भरत नाही, पू होतो. मागून प्लास्टरची पट्टी, पाय छातीपेक्षा उंच, बर्फाचा शेक आणि वाट बघणं. साधारण आठवडा ते दोन आठवडे जातात. डॉक्टर रोज पावलाच्या वरच्या कातडीवर बोट दाबून बघायचे. सुरकुत्या दिसायला लागल्या की तारीख मिळते. या काळात बोटं बधिर पडली, बोट नुसतं हलवलं तरी असह्य कळ आली किंवा गोळीनेही दुखणं आटोक्यात येईना, तर रात्र असली तरी फोन करा, असं त्यांनी बजावलं होतं. आतल्या कप्प्यांमध्ये दाब वाढला तर स्नायू मरतात आणि तिथे तासांचा हिशेब असतो. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

याच दिवसांत स्टेपलची गोष्ट निघाली. हाडं जागेवर बसवून धरायचे मार्ग बरेच आहेत: सांध्यातून आरपार जाणारे स्क्रू, सांध्यावरून पूल टाकणारी प्लेट, नुसत्या तारा, किंवा स्टेपल. स्क्रू सांध्यातून जातो म्हणजे कूर्चेला, सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत थराला, भोक पडतं. स्टेपल सांध्याला ओलांडून वर बसतो, त्याचे दोन पाय सांध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हाडात जातात, सांध्याचा पृष्ठभाग शाबूत राहतो.

मी फिटर माणूस, मला धातू हातात घेऊन बघायचा होता. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ड्रॉवरमधून डेमोचा एक स्टेपल काढला. जेमतेम नखाएवढा, दोन्ही पाय टोकांशी आत झुकलेले. तो त्यांनी बर्फाच्या पाण्याच्या वाटीत टाकला. दोन मिनिटांनी चिमट्याने काढून दोन्ही पाय उघडले, अगदी सरळ, एकमेकांना समांतर. मऊ पितळेची तार वाकवावी इतक्या सहज. सोडल्यावर तो तसाच राहिला, स्प्रिंगसारखा परत गेला नाही. मग त्यांनी कपातल्या गरम पाण्यात तो सोडला आणि मी बघत असतानाच पाय आत आले, पहिल्यासारखे झुकले. मी दोन बोटांत धरून उघडायचा प्रयत्न केला. आता तो हलत नव्हता. तोच तुकडा, तीच जाडी, फक्त तापमान बदललेलं. मी ते तीन वेळा करून घेतलं आणि त्यांनी कंटाळा न करता करून दाखवलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आतलं कारण असं. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम, अणूंच्या हिशेबाने जवळजवळ निम्मं-निम्मं, वजनाने निकेल साधारण ५५ टक्के. थंडीत त्याची स्फटिकरचना मार्टेन्साइट असते. तेव्हा तो मऊ असतो आणि वाकवला तर थरांची दिशा बदलते, पण अणूंचे शेजार तुटत नाहीत. ऊब मिळाली की रचना ऑस्टेनाइट होते आणि सगळे थर मूळ जागी परततात. मार्टेन्साइट, ऑस्टेनाइट हे शब्द आम्ही मुलांना पोलादाच्या उष्णतोपचारात शिकवतो. तिथे मार्टेन्साइट म्हणजे कडक आणि ठिसूळ, इथे तोच मऊ. साधं पोलाद अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी ताणलं तरी कायमचं वाकतं, निटिनॉल सहा ते आठ टक्के ताणूनही परत येतो. शिवाय त्याची लवचिकता पोलादापेक्षा हाडाच्या जास्त जवळची, म्हणून तो हाडाला जखडून न टाकता दाबून धरतो. हाडाच्या कडा बरं होताना थोड्या झिजतात, तेव्हा पोलादी स्क्रूचा दाब संपतो. निटिनॉलचा स्टेपल अजून मिटायलाच बघत असतो, म्हणून त्याचा दाब टिकतो.

हा धातू अमेरिकेत मेरीलँडमधल्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत सापडला. क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा मिश्रधातू शोधणाऱ्या विल्यम ब्यूलर यांच्या १९५९ च्या सुमारास लक्षात आलं, की गरम कांब जमिनीवर पडली तर घंटेसारखी वाजते आणि थंड कांब ठस्स आवाज करते. आवाज बदलतो म्हणजे आतली रचना बदलते, हे त्यांनी हेरलं. १९६१ मध्ये एका बैठकीत घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. कुणीतरी तिच्याखाली लायटर धरला आणि पट्टी सरळ झाली. आवाजावरून धातू ओळखणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण, म्हणून ही हकिकत मी आता दरवर्षी मुलांना सांगणार आहे.

डॉक्टरांनी दुसरी बाजूही सांगितली. हाडाचा चुरा झालेला असेल तर स्टेपलच्या पायांना धरायला जागा नसते, तिथे प्लेटच लागते. हाड ठिसूळ असेल तरी विचार करावा लागतो. स्टेपल साध्या स्क्रूपेक्षा महाग पडतात. निकेलची ॲलर्जी आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं: घड्याळाच्या बकलाने, पँटच्या बटनाने, खोट्या दागिन्यांनी कधी खाज किंवा पुरळ येतं का? मला कधी आलेलं नाही. नव्या प्रकारच्या स्टेपलना बर्फही लागत नाही, ते साच्यात उघडे धरलेले येतात आणि सोडले की मिटतात. माझ्यासाठी मागवलेले मात्र थंड करून बसवायचे होते.

सांधा कायमचा जोडूनच टाकावा का, यावरही बोलणं झालं. २००६ साली अमेरिकेत ४१ रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. त्यात मुख्यतः लिगामेंटच तुटलेल्या रुग्णांना सांधा जोडून टाकल्याने जास्त फायदा झाला होता. माझ्यात हाडंही मोडलेली होती आणि हाड हाडाला चांगलं जुळतं, म्हणून सांधे राखायचे ठरलं. पुढेमागे सांधा झिजला तर जोडायचा पर्याय उरतोच. हा निर्णय घेताना मला आणि बायकोला समोर बसवून बोलले, हे फार बरं वाटलं.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं. पाय आधी गरम झाले, मग जड, मग माझे राहिलेच नाहीत. मांडीला पट्टा बांधून रक्तपुरवठा थांबवला, सिस्टरनी वेळ मोठ्याने सांगितली. समोर हिरवं कापड होतं, पण कान जागे होते. आधी सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना स्क्रीनवर एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनखाली, पाऊल ताणून बघितलं. भूल असल्याने आता खरं कळत होतं. चौथं आणि पाचवं मेटाटार्सलही हलतंय, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे उभ्या एक्स-रेतही न दिसलेलं काही होतंच.

पावलाच्या वरून चिरे देऊन दुसरं मेटाटार्सल त्याच्या खाचेत बसवलं, टोकदार क्लॅम्पने आवळलं. जॉब आधी बरोबर बसवायचा, मग धरायचा, आणि नीट बसला नसेल तर कितीही चांगला धातू वापरा, उपयोग नाही. डॉक्टरांनी याच टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ दिला, पुन्हा पुन्हा स्क्रीन बघितली. मग आतल्या पाचरीतून दुसऱ्या मेटाटार्सलमध्ये एक तिरका स्क्रू, तुटलेल्या लिगामेंटच्याच वाटेने. ड्रिल सुरू झालं की सहायक सलाईनची धार सोडायचा. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तर त्या जागच्या पेशी मरतात, हे मी आधी वाचलं होतं, त्यामुळे धारेचा आवाज आला की धीर यायचा.

मग "थंड सलाईन आणा" असं ऐकू आलं. बर्फात ठेवलेल्या निर्जंतुक वाटीतून स्टेपल निघाला, उघडला गेला, गाईडमधून पाडलेल्या दोन भोकांत गेला. इथे घाई करावी लागते, कारण हाताच्या उबेनेही तो मिटायला लागतो. हलकी ठोक, आणि मग "गरम". कोमट सलाईनमध्ये भिजवलेला गॉज त्यावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, "सर, मान वळवा, स्क्रीन बघा." राखाडी चित्रात सांध्यावर आडवी बसलेली ती छोटी कमान होती. आधीच्या चित्रात स्टेपलचे पाय समांतर होते, या चित्रात टोकं आत झुकलेली आणि सांध्याची रेघ बारीक झालेली. पहिल्या तिन्ही सांध्यांवर असंच झालं. बाहेरच्या दोन हाडांना तारा घातल्या, त्यांची टोकं कातडीबाहेर ठेवली. आतले तीन सांधे मुळातच फारसे हलत नाहीत, म्हणून तिथे घट्ट धरलं तरी चालतं. बाहेरचे दोन मात्र खडबडीत जमिनीवर पाऊल जुळवून घेतात. ते मोकळेच राहायला हवेत, म्हणून तिथे काढता येणाऱ्या तारा.

भूल उतरल्यावरची रात्र कठीण होती, त्यावर लिहिण्यासारखं वेगळं काही नाही. वेदनेची गोळी दुखायच्या आधी घ्या, एवढंच सांगतो.

खरी परीक्षा घरी आल्यावर. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, आणि याचा अर्थ "हळूच टेकवला तर चालतो" असा नाही. धातू हाड बरं करत नाही, हाड बरं होईपर्यंत जागा धरून ठेवतो. रोज भार दिला तर धातू थकून तुटतो. आम्ही आधीच कमोड खुर्ची आणली होती, न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल, दाराच्या उंबऱ्याशी धरायला लोखंडी नळी ठोकून घेतली. कुबड्यांची उंची काखेखाली दोन-तीन बोटं जागा राहील अशी हवी, भार तळहातांवर हवा. काखेवर भार टाकला तर हाताच्या नसा बधिर पडतात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. शेजारच्या वहिनींनी पाया सूप आणलं, मित्राने डिंकाचे लाडू. मी दोन्ही आनंदाने खाल्लं. तंबाखू सोडणाऱ्याचं हाड लवकर जुळतं, हेही डॉक्टरांनी वॉर्डातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं.

तारा ओपीडीतच पकडीने ओढून काढल्या. भूल लागली नाही, हलकीशी ओढ जाणवली आणि संपलं. मग गुडघ्यापर्यंतचा कडक बूट, आधी थोडा भार, मग दर आठवड्याला वाढवत. फिजिओथेरपीत जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी ओढायचा, गोट्या बोटांनी उचलायच्या. दिसायला सोपं, पण पोटरी इतकी सुकली होती की पहिल्या दिवशी टॉवेल जागचा हलला नाही. संध्याकाळी पाय सुजतो, हे कित्येक महिने चालतं. ते पाहून घाबरू नका, पाय वर घेऊन बसा.

सरकारी नोकरांसाठी एक सूचना: वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फायलीत इम्प्लांटच्या पाकिटावरचे लॉट नंबरचे स्टिकर लावून घ्या, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर पावलात कोणता धातू आहे, हे तिथे दाखवावं लागतं. निटिनॉल पोलादासारखा चुंबकाला चिकटत नाही, तरी मशीनवाल्यांना कळलं पाहिजे.

परवाच्या तपासणीत दोन्ही पायांची फट सारखी आली. स्टेपल बोचले नाहीत तर काढायचे नाहीत, स्क्रूचं पुढच्या खेपेला बघू, असं ठरलंय. मी वर्कशॉपवर परत रुजू झालोय, बुटात कडक तळाचा इनसोल घालतो आणि टर्नरच्या सरांनी माझ्या बेंचशेजारी उंच स्टूल करून दिलंय. सपाट रस्त्यावर दुखत नाही. उतारावर आणि जिना उतरताना पावलाच्या वरच्या बाजूला कळ येते, कठड्याला हात लागतो. डॉक्टर म्हणतात, वर्षभर सुधारणा होत राहते, पण या सांध्यात पुढे संधिवात होण्याची शक्यता राहतेच, म्हणून वजन आटोक्यात ठेवा आणि दरवर्षी दाखवून जा.